उसाच्या फडातील पिल्ले

दिवाळी उलटून थंडी पडू लागली, की कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यांत साखर कारखान्यांचे भोंगे वाजू लागतात. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. शिवाराच्या कडेला त्यांच्या कोप्या उभ्या राहतात आणि पहाटेच्या धुक्यातच कोयत्यांचा आवाज ऐकू येऊ लागतो. आमच्या रहिमतपुराहून आगगाडीने कराडकडे निघाले, तर तारगाव, मसूर या स्थानकांच्या आसपास गाडीच्या दोन्ही अंगांस उसाचे फड पसरलेले दिसतात. बाहेरून पाहणाऱ्यास ते साधे शेत वाटते; पण आत चार पावले शिरले, तर दाट अरण्यात आल्याचा भास होतो. पुरुष-दीड पुरुष उंचीचा ऊस, पायाखाली वाळलेले पाचट, सरींमधून खेळणारे पाणी आणि भर दुपारीही न मोडणारा गारवा!

या अरण्यात तोडणी चालू असताना कधी कधी पुढचा कामगार एकाएकी थबकतो. समोर पाचटाच्या खळग्यात दोन-तीन ठिपकेदार पिल्ले एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेली असतात. मांजराच्या पिल्लांएवढी त्यांची चण. डोळे नुकतेच उघडलेले. क्षणार्धात बातमी फडभर होते, “वाघाची पिल्लं सापडली!” आपल्याकडे बिबट्यालाही सरसकट वाघच म्हणण्याची रीत आहे, पण ही पिल्ले वाघाची नव्हेत, बिबट्याची असतात. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या तालुक्यांत अशा घटना तोडणीच्या दिवसांत घडत असतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत तर त्यांचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे.

पिल्ले सापडली, की माणसांच्या मनात दोन भाव उठतात. पहिला भीतीचा: पिल्ले येथे आहेत, म्हणजे त्यांची आई जवळच कोठेतरी असणार! दुसरा मायेचा: बिचारी अनाथ झाली, यांना घरी नेऊन दूध पाजावे. भीतीने माणूस काठ्या-कोयते उचलतो, तर मायेने पिल्लू उचलतो. दोहोंपासून पिल्लाला सारखाच धोका आहे, असे म्हटले तर तुम्हांस आश्चर्य वाटेल. म्हणून मुळात हा प्राणी उसात आला कसा आणि तेथे तो राहतो कसा, हे प्रथम समजून घेऊ.

बिबट्या हा मोठा चतुर आणि सोशीक प्राणी आहे. वाघाला विस्तीर्ण अरण्य आणि मोठी शिकार लागते; बिबट्याचे तसे नाही. खेकड्यापासून सांबराच्या पाडसापर्यंत जे मिळेल त्यावर तो निर्वाह करतो आणि लपावयास झुडुपांचा आडोसा मिळाला, तरी त्याचे भागते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पूर्वी गवताळ माळ, ओढ्याकाठची झाडी आणि डोंगरउतारावरील रान होते. पुढे धरणे झाली, कालवे निघाले, नदीचे पाणी उपसून माळावर नेण्यात आले आणि जेथे ज्वारी-बाजरी पिकत असे तेथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस तर शेतात सोळा ते अठरा महिने उभा असतो. बिबट्याच्या पिल्लाचे आईच्या सोबतीने राहण्याचे वयही साधारण दीड-दोन वर्षांचेच. म्हणजे एका पिल्लाचे अवघे बाळपण एका पिकाच्या आडोशाला जाऊ शकते! त्यात गावाच्या उकिरड्यावर वाढलेली भटकी कुत्री आणि रानडुकरे ही आयतीच शिकार. नगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, अकोले तालुक्यात विद्या अत्रेय यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. जवळपास मोठे अरण्य नसलेल्या त्या शेतीच्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरांमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे राहत असल्याचे त्यांना आढळले. त्यांच्या विष्ठेवरून त्यांचा आहार तपासला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. उसातला बिबट्या वाट चुकून आलेला पाहुणा नव्हे. तो तेथेच जन्मलेला, तेथलाच रहिवासी असतो.

आता त्या पिल्लांच्या आईकडे वळू. बिबट्याची मादी एका वेळी बहुधा दोन किंवा तीन पिल्लांना जन्म देते. जन्मताना पिल्लाचे वजन जेमतेम अर्धा किलो असते आणि पहिले आठ-दहा दिवस त्याचे डोळे मिटलेलेच असतात. बाप संगोपनात भाग घेत नाही. साहजिकच आईला पिल्ले एकटी सोडून शिकारीस जावे लागते आणि परत येण्यास कित्येक तास लागतात. तोवर पिल्ले आवाज न करता पडून राहतात. शिवाय एक जागा धोक्याची वाटली, की ती एकेका पिल्लाची मानगूट अलगद दातांत धरून त्यांना दुसरीकडे हलविते. दिवसा माणसांचा गलबला सुरू झाला, की ती शेजारच्या फडात सरकते आणि अंधार पडण्याची वाट पाहते. म्हणून फडात एकटे दिसणारे पिल्लू अनाथ असते, हा समजच बहुधा चुकीचा असतो. त्याची आई असते. ती फक्त आपल्याला दिसत नसते.

मी मुख्याध्यापक असताना पावसाळ्याच्या आरंभी एखादा विद्यार्थी घरट्यातून पडलेले पाखराचे पिल्लू ओंजळीत घेऊन माझ्या मेजाशी येऊन उभा राही. त्याच्या डोळ्यांतली कळकळ खरी असे. “हे सापडले कोठे?” एवढेच मी विचारीत असे, आणि ज्या झाडाखाली सापडले त्या झाडाकडे त्याला परत घेऊन जात असे. बिबट्याच्या पिल्लांच्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच आहे.

वनविभागाला कळवावयाचे, हे आता बहुतेक गावांना ठाऊक झाले आहे. महाराष्ट्राच्या वनविभागाचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठीच आहे. वनरक्षक येतो; त्याच्याबरोबर गावातील किंवा तालुक्यातील स्वयंसेवक येतात. या स्वयंसेवकांत कोणी दुकानदार असतो, कोणी शिक्षक, तर कोणी महाविद्यालयात शिकणारा तरुण. त्यांना या कामाचा पगार नसतो. दिवसाचा उद्योग सांभाळून ते हे करतात. आल्याबरोबर त्यांचे पहिले काम पिल्लांना हात लावण्याचे नसते, तर माणसांना दूर करण्याचे असते. वार्ता पसरताच आसपासच्या वस्त्यांवरून गर्दी लोटते. प्रत्येकाला पिल्लू पाहावयाचे असते आणि पिल्लासह छायाचित्र काढून घ्यावयाचे असते. या गर्दीला न दुखविता मागे सारणे, हे पिल्लाला हाताळण्याहून अवघड काम आहे, असे मला वाटते.

मग पिल्ले नेमकी कोणाची, हे पाहतात. यात पुष्कळदा गफलत होते. उसात रानमांजराची पिल्लेही सापडतात. त्यांच्या अंगावर पुसट पट्टे असतात, टपोरे ठिपके नसतात. वाघाटी नावाची एक चिमुकली रानमांजराची जात आपल्या भागात आहे. जगातील सर्वांत लहान रानमांजरांत तिची गणना होते. पूर्ण वाढलेली वाघाटीसुद्धा वजनाने दीड किलोच्या आसपासच भरते. तांबूस ठिपक्यांच्या ओळी आणि कपाळावरील पट्टे पाहून लोक तिच्या पिल्लांना बिबट्याचीच समजतात. वाघाटी माणसाच्या वाटेला जात नाही आणि शेतातले उंदीर मारते. पण ‘बिबट्या आला’ या धास्तीने तिच्या पिल्लांवरही संकट ओढवते. मांजर कोणतेही असो, पुढची रीत सारखीच आहे.

पशुवैद्य पिल्लांना तपासतात. हातांत मोजे घातलेले असतात. पिल्लू भुकेने अशक्त झाले आहे काय, अंगावर गोचीड आहेत काय, कोठे कोयत्याची जखम झाली आहे काय, हे पाहून नर-मादी आणि अंदाजे वय यांची नोंद करतात. माणसाचा हात लागला तर आई पिल्लाला टाकून देते, असे आपल्याकडे सांगतात. परंतु तपासलेली पिल्लेही आई निःशंकपणे उचलून नेते, असा अनुभव आहे. तरीदेखील हाताळणी शक्य तितकी कमीच ठेवतात. कारण पिल्लाला माणसाची सवय लागू द्यावयाची नसते आणि माणसांचे व पाळीव जनावरांचे रोग त्याला लागता कामा नयेत.

सूर्य कलू लागला, की खरे काम सुरू होते. भाजीपाला नेण्याच्या प्लास्टिकच्या जाळीदार पेटीत पिल्लांना ठेवतात आणि ती पेटी ती ज्या जागी सापडली होती त्याच जागी नेऊन ठेवतात. तो फड तुटून मोकळा झाला असेल, तर त्याला लागून असलेल्या उभ्या उसाच्या कडेला ठेवतात. पेटी कशासाठी? पिल्ले रांगत दुसरीकडे जाऊ नयेत, कुत्र्यांनी त्यांना ओढून नेऊ नये आणि आईला मात्र ती सहज काढता यावीत, यासाठी. समोरच्या खुंटावर एक कॅमेरा बांधतात. त्याच्यापुढे काहीही हालले, की माणूस जवळ नसताना तो अंधारातसुद्धा आपोआप चित्र टिपतो. एवढे झाले, की सर्वांनी तेथून निघून जावयाचे असते. दिवे बंद, मोटारी बंद, बोलणे बंद. पुष्कळ अंतरावर बांधाआड दोघे-तिघे थांबतात, तेही केवळ गावातले कोणी चुकून तिकडे जाऊ नये म्हणून.

रात्र चढते. पिल्ले भुकेने बारीक आवाज काढू लागतात. आणि मग कधी आठ वाजता, कधी मध्यरात्री, तर कधी पहाटेच्या गारठ्यात उसाची पाने सळसळतात. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांत पुढचे सारे दिसते. मादी प्रथम बराच वेळ कडेला उभी राहून हवा हुंगते. पेटीभोवती एक फेरी घालते. पंजाने पेटी कलंडते किंवा तिच्यात मान घालून एक पिल्लू उचलते आणि उसात दिसेनाशी होते. थोड्या वेळाने परत येते, दुसरे नेते. सर्व पिल्ले नेल्यावरही एखादी मादी पुन्हा एकदा येऊन रिकामी पेटी हुंगून जाते! काही नजरचुकीने राहिले तर नाही ना, याची खात्री करून घेत असावी. काही वेळा पहिल्या रात्री ती येत नाही. मग सकाळी पिल्ले उचलून त्यांना ऊब व दूध द्यावयाचे आणि संध्याकाळी पुन्हा त्याच जागी पेटी मांडावयाची. दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही माता आल्याची उदाहरणे आहेत. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. वनविभागाच्या जोडीने ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था ते चालविते. तेथील पशुवैद्यांनी व गावकऱ्यांनी मिळून अशी कितीतरी पिल्ले आयांच्या स्वाधीन केली आहेत.

या साऱ्या प्रकारात शेतकऱ्याची बाजू कोणी फारशी सांगत नाही. ती सांगितली पाहिजे. कारखान्याकडून तोड येण्याची वाट तो महिनोन्‌महिने पाहत असतो. टोळी फडात उतरली, मालाची गाडी लागली आणि नेमकी तेव्हाच पिल्ले सापडली, तर उसाचा तो कोपरा दोन-तीन दिवस तसाच ठेवावा लागतो. टोळी दुसऱ्या फडावर गेली, की मुकादमाची मनधरणी करावी लागते. तोडीला उशीर झाला, तर उसाचे वजन घटते आणि घटलेल्या वजनाचे पैसे कोणी देत नाही. तोडणी कामगाराची तर रोजीच वजनावर ठरते. काम थांबले, की त्याची कमाई थांबली. असे असूनही पुष्कळ शेतकरी तो कोपरा राखतात. पिल्ले उचलून नेली तर चवताळलेली मादी आपल्याच शिवारात फिरत राहील, हा व्यवहारी विचार त्यामागे असतो, हे खरे. पण व्यवहार आणि दया एकाच बाजूस आल्या, म्हणून दयेची किंमत कमी होत नाही.

आई आलीच नाही, तर काय होते? मग पिल्लाला पिंजऱ्यात वाढवावे लागते. बाटलीने दूध पिणारे पिल्लू दिसावयास गोजिरवाणे असते. परंतु शिकार कशी करावी, माणसापासून दूर कसे राहावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. मोठेपणी त्याला मोकळे सोडता येत नाही. त्याचे उरलेले आयुष्य गजांआड जाते. पिल्लाला घरी बाळगणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे तर आहेच.

“पण बिबट्यांना पकडून दूरच्या जंगलात का सोडीत नाहीत?” असा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारील. हा उपाय करून पाहिला गेला आहे. जुन्नर वनविभागात शेतांतून धरलेले बिबटे दूर नेऊन सोडण्यास २००१ साली मोठ्या प्रमाणावर प्रारंभ झाला. त्यापूर्वी तेथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. २००१ ते २००३ या काळात ते १७ पर्यंत गेले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बावरते. ते दुसऱ्याच्या हद्दीत आलेले असते आणि पाणी व शिकार कोठे आहे, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय ते परतीची वाट धरते. २००९ साली नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर येथे धरलेल्या एका वयस्क बिबट्याच्या गळ्यात, तो कोठे जातो ते उपग्रहाच्या साहाय्याने कळविणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले होते. अभ्यासकांनी त्याचे नाव ‘आजोबा’ ठेवले. हे आजोबा महामार्ग, लोहमार्ग आणि खाडी ओलांडून सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे जाऊन पोहोचले! पुढे २०११ साली वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. ज्याची जागा त्यालाच ठाऊक असते, हे त्यांच्या प्रवासावरून दिसले.

याचा अर्थ बिबट्यापासून भय नाही, असा कोणी करू नये. माणसांवर, विशेषतः लहान मुलांवर, बिबट्याने हल्ला केल्याच्या दुःखद घटना जुन्नर-शिरूर भागात आणि आपल्या सातारा जिल्ह्यातही घडल्या आहेत. तोडणी कामगारांची मुले फडाच्या कडेला, उघड्यावर, बसलेली किंवा निजलेली असतात. वाकलेले वा बसलेले लहान मूल बिबट्याला आपल्या शिकारीएवढेच दिसते. ज्या घरातले मूल गेले त्या घरापुढे प्राणिदयेचे व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही. म्हणूनच स्वयंसेवकांच्या कामाचा मोठा भाग रात्रीच्या पेटीचा नसून दिवसाच्या सांगण्याचा असतो. ते शाळांतून आणि कोप्यांवरून फिरतात. अंधार पडल्यावर उसाकडेने एकट्याने जाऊ नये, गेल्यास हातात विजेरी असावी आणि मोठ्याने बोलत जावे. शेळ्या-वासरे रात्री बंदिस्त गोठ्यात बांधावीत. उकिरडा वस्तीला लागून ठेवू नये, कारण त्यावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, हे ते पुनःपुन्हा सांगतात. बिनकठड्याच्या विहिरींना कठडे बांधा, असेही सांगतात. कुत्र्याचा पाठलाग करताना बिबट्या अशा विहिरीत पडतो. मग दोरांनी बाज खाली सोडून त्याला आधी तिच्यावर टेकू द्यावे लागते आणि पाठोपाठ पिंजरा उतरवावा लागतो. चार ओळींच्या कठड्याने हा सारा खटाटोप टळतो.

कोयत्यापेक्षा भयंकर वैरी म्हणजे आग. २०१९ च्या एप्रिल महिन्यात आंबेगाव तालुक्यातील अवसरी येथे उसाच्या फडाला लावलेल्या आगीत बिबट्याची ५ पिल्ले होरपळून मेली. चालता न येणारे पिल्लू आगीपुढून पळणार कसे?

त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्यापासून हजारो मैलांवर, ऑस्ट्रेलिया खंडाच्या पूर्व भागात, प्रचंड वणवे पेटले आणि २०२० च्या आरंभापर्यंत ते धुमसत राहिले. तेथे कोआला नावाचा एक प्राणी आहे. पुष्कळ लोक त्याला अस्वल म्हणतात. पण तो अस्वल नव्हे. कांगारूप्रमाणे तो आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवितो. निलगिरीच्या झाडाची पाने हाच त्याचा आहार, आणि ती पाने इतकी निःसत्त्व, की ती पचविण्यासाठी त्याला दिवसाचे अठरा-वीस तास झोपून काढावे लागतात. संकट आले, की झाडाच्या शेंड्याला जाऊन बसावयाचे, एवढेच त्याला ठाऊक. वणव्यात याच सवयीने त्याचा घात केला. हजारो कोआला मेले. जे वाचले त्यांचे पंजे भाजले होते. त्यांना झोळीत घालून आणावयास, मलमपट्टी करावयास सामान्य नागरिक धावले. पोर्ट मॅक्वारी या गावी १९७३ पासून कोआलांचे रुग्णालय आहे आणि तेथील बहुतेक काम स्वयंसेवकच करतात. परंतु भाजलेले पंजे बरे झाल्यावर दुसरा प्रश्न पुढे आला. या प्राण्यांना सोडावयाचे कोठे? त्यांचे झाड तर जळून गेले होते. म्हणून त्याच माणसांनी पुढे रोपे लावण्याचे काम हाती घेतले. २०२२ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या सरकारने पूर्वेकडील प्रदेशांतील कोआलाला ‘संकटग्रस्त’ ठरविले, ते केवळ वणव्यामुळे नव्हे. झाडे तोडून वस्त्या झाल्या, हेही त्याचे मोठे कारण होते. जाता जाता सांगावयाचे, ते असे: जी निलगिरी कोआलाचे घर आणि अन्न आहे, तीच निलगिरी आपल्या माळांवर लावली, तर तिच्या पानांना आपली शेळीसुद्धा तोंड लावीत नाही. झाड चांगले की वाईट, हे तेथे कोण राहतो त्यावर ठरते.

घर उजाड झाले, तर ते पुन्हा उभे करता येते काय? याचे उत्तर शोधावयास ऑस्ट्रेलियात जाण्याची गरज नाही. रहिमतपुराहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीने कराडच्या पुढे गेले, की ताकारी हे स्थानक लागते. तेथून जवळच सांगली जिल्ह्याच्या कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वराचे डोंगर आहेत. पायथ्याशी पुरातन शिवमंदिर असून त्याच्याभोवती लहान देवळांचा मेळाच आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे तेथून हाकेच्या अंतरावर. हे डोंगर एके काळी उघडेबोडके होते. चराई आणि लाकूडतोड यांनी त्यांची माती सैल झाली होती आणि पावसात ती वाहून जात असे. या डोंगरांवर पुन्हा रान उभे करण्याचा ध्यास त्या परिसरातील स्वातंत्र्यसैनिक धों. म. मोहिते यांनी घेतला. त्यांच्या खटपटीला गावकऱ्यांचे हात आणि वनखात्याचे पाठबळ मिळाले. झाडे लावली गेली, चराई थांबली, कुंपण झाले. १९८५ साली सुमारे १०.८७ चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. आपल्याकडील बहुतेक अभयारण्ये म्हणजे मूळच्या अरण्याला दिलेले संरक्षण होय; सागरेश्वराचे अरण्य मात्र माणसांनी हातांनी घडविलेले आहे. चितळ, सांबर, काळवीट हे प्राणी तेथे बाहेरून आणून सोडण्यात आले आणि ते तेथे रुजले.

रुजले, इतकेच नव्हे, तर इतके वाढले, की नवी अडचण उभी राहिली. हरणे कुंपणाबाहेर पडून भोवतालच्या शेतांतील पिके खातात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. शिवाय डोंगरावर बारमाही वाहणारे पाणी नाही; उन्हाळ्यात पाणवठ्यांत पाणी आणून ओतावे लागते. मूळच्या अरण्यात ही व्यवस्था निसर्ग आपोआप ठेवतो. माणसाने लावलेल्या रानात ती माणसालाच दरवर्षी पाहावी लागते. उजाड करण्यास जेवढी वर्षे लागतात त्याच्या कितीतरी पट वर्षे उभारण्यास लागतात, हे सागरेश्वराकडे पाहिले, की सहज समजते.

तुम्ही सहलीला तेथे जाल, तेव्हा शक्यतो सकाळी लवकर जावे. दुपारी हरणे सावलीत बसून राहतात आणि नजरेस पडत नाहीत. डोंगराच्या माथ्यावर पोहोचले, की पाठीमागे हे लावलेले रान आणि पुढे खाली कृष्णेचे वळणावळणाचे पात्र दिसते. पात्राच्या दोन्ही काठांस, दृष्टी पोहोचेल तेथवर, उसाचे फड आहेत.